परदेशगमन आणि मराठी कविता

मराठींत परदेशचीं प्रवासवर्णनें भरपूर, परंतु प्रवासकाव्य मात्र शोधूनहि सांपडत नाहीं, अशी तक्रार आमच्यासारख्या इंग्रजी शिकून इंग्रजीच शिकविणाऱ्या मंडळींच्या बैठकींत हटकून ऐकूं येते. तक्रार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा बायरन उभा असतो. पोर्तुगाल, स्पेन, आल्बेनिया, ग्रीस असे देश पाहून आलेल्या या तरुण उमरावानें १८१२ सालीं ‘चाइल्ड हॅरल्ड’ काव्याचे पहिले दोन सर्ग छापिले आणि बघतां बघतां सारें लंडन त्याच्या नांवानें भारून गेलें, ही हकीकत मुंबईच्या कॉलेजांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. मग साहजिकच प्रश्न येतो, कीं ज्या मुंबईच्या धक्क्यावरून शेंदीडशें वर्षें विलायतेच्या बोटी सुटल्या, तेथल्या मराठी कवींनीं समुद्रापलीकडे काय पाहिलें? गिरगांवच्या चाळींतून निघालेला पदवीधर परत येतांना पदव्या आणि पोषाख घेऊन आला. मग कविताच कां नाहीं आणली?

आमचें उत्तर थोडें उलटें आहे. कविता त्यानें आणली. परंतु ती विलायतेची नव्हती, घरची होती. आणि परदेशाचीं म्हणून जीं मराठी कवनें खरोखर अंगावर रोमांच उभे करतात, तीं बोटीवर पाय न ठेविलेल्या माणसांनीं रचिलेलीं आहेत; त्यांतील एक तर मुंबईच्या गिरणगांवांत, डफ-तुणतुण्याच्या साथीवर. हा व्यवहार इतक्या नियमानें चालला आहे कीं त्याला योगायोग म्हणवत नाहीं. त्याचें कारण आपल्या काव्यपरंपरेंतच शोधावें लागतें.

‘प्रवास’ हा शब्दच पाहा. आज तो ऐकला कीं तिकीट, सामान, आगगाडी, विमानतळ यांची आठवण होते. आपल्या साहित्यशास्त्रांत मात्र तें एका वियोगाचें नांव आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथ विप्रलंभ शृंगाराचे जे चार भेद सांगतो, त्यांत पूर्वराग, मान आणि करुण यांच्या पंक्तीला प्रवास बसलेला आहे. म्हणजे प्रवासाला निघालेल्या माणसानें वाटेंत काय पाहिलें हा काव्याचा विषयच नव्हे. त्याच्यावांचून मागें कोण झुरत राहिलें आणि तो स्वतः कोणासाठीं झुरला, हा विषय. मेघदूतांत नद्या, नगरें, पर्वत यांची एवढी रेलचेल असूनहि यक्ष रामगिरीवरून हालत नाहीं. हिंडतो तो मेघ. भूगोल आहे, पण तो विरहाच्या सेवेला लावलेला आहे.

याच्या जोडीला दुसरी परंपरा तीर्थयात्रेची. ज्ञानदेव-नामदेवांच्या यात्रेचे ‘तीर्थावळी’चे अभंग महाराष्ट्राला परिचित आहेत. नामदेव पुढें पंजाबांत जाऊन राहिले असें परंपरा सांगते. तेथील घुमान गांव त्यांचें नांव अजून सांभाळून आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. (२०१५ सालीं मराठी साहित्यसंमेलन घुमानला भरलें, तेव्हां कोठें मुंबईकर साहित्यिकांपैकीं पुष्कळांना हें गांव नकाशावर सांपडलें!) परंतु या पदांत पंजाबच्या नद्यांचें वर्णन शोधीत बसणें व्यर्थ आहे. ज्याला देव सर्वत्र भरलेला दिसतो, त्याला एका मुलखाचें दुसऱ्याहून निराळें कौतुक असण्याचें कारण नव्हतें.

तंजावरच्या मराठी दरबाराचा अपवाद येथें सांगितलाच पाहिजे, कारण तो इकडच्या वाचकांच्या कानावर क्वचितच येतो. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) श्वार्ट्स नांवाच्या मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं शिकले आणि युरोपीय शास्त्रांचे मोठे व्यासंगी निघाले. १८२० सालीं ते लवाजम्यासह काशीयात्रेस गेले, आणि त्या त्रिस्थळीच्या यात्रेवर मराठी लावण्या झाल्या. ही पाहिलेल्या प्रदेशाची गोष्ट. पण त्यांच्या नांवावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हें मराठी नाटकहि आहे, आणि आमच्या विषयाला तें अधिक महत्त्वाचें. कुरवंजी हा मूळ तामीळ देशचा नाट्यप्रकार; डोंगरांत राहणारी, हात पाहून भविष्य सांगत गांवोगांव हिंडणारी बाई त्यांत येते आणि आपल्या ओळखीचे मुलूख गाऊन दाखविते. सरफोजी राजांच्या नाटकांत ही भटकी बाई साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते, आणि तो पुराणांतील सप्तद्वीपांचा नव्हे, तर नव्या युरोपीय विद्येनें ठरविलेला. साता समुद्रांपलीकडचीं खंडें मराठी पद्यांत आलीं तीं अशीं, कावेरीच्या कांठीं, आणि एका भविष्यवालीच्या तोंडून. राजेसाहेबांनीं युरोप पाहिला नव्हता. त्यांच्या ग्रंथालयानें पाहिला होता.

मुंबईच्या पांढरपेशा समाजाला समुद्र उशिरां मोकळा झाला. समुद्रगमन कलिवर्ज्यांत मोडलेलें. परत आलेल्यानें प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं, घेतलें तर पुरेसें कीं नाहीं, यावर जातींत तट पडत. अशा परिस्थितींत जो जाऊन आला, त्याच्यावर आपल्या जाण्याचा उपयोग दाखविण्याची जबाबदारी येऊन पडली. तेथें काय आहे, लोक कसे राहतात, आपण त्यांपासून काय घ्यावें, हें त्यानें सांगावें अशी अपेक्षा असे. ही अपेक्षा गद्यानेंच पुरी होण्यासारखी होती. पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. त्यांची संस्कृत काव्यरचना इतकी सहज होती कीं १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या, १८८६ मध्यें तेथून अमेरिकेस. पण या विदुषीनें अमेरिकेवर जें लिहिलें, तें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें १८८९ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापलेलें गद्याचें पुस्तक. राज्यपद्धति, शाळा, धर्म, घरगुती राहणी आणि मुख्य म्हणजे बायकांची स्थिति, या विषयांनीं तें भरलेलें आहे. आपल्या देशांतील बायकांपर्यंत एवढी मोठी बातमी पोंचवावयाची असतां श्लोक रचीत बसण्याइतकी उसंत त्यांस नव्हती, असेंच तें पुस्तक वाचतांना वाटतें.

या वांटणीचें सर्वांत लख्ख उदाहरण विनायक दामोदर सावरकर यांचें. त्यांच्या राजकारणाविषयीं वाचकांचीं मतें भिन्न असतील. येथें आम्हांस त्यांच्या दोन प्रकारच्या लेखनाशींच कर्तव्य आहे. ९ जून १९०६ रोजीं ते मुंबईहून ‘पर्शिया’ बोटीनें बॅरिस्टर होण्यासाठीं निघाले. लंडनांत असतां मुंबईच्या ‘विहारी’ पत्राकडे ते बातमीपत्रें धाडीत. त्यांनीं पाहिलेलें लंडन, तेथलें राजकारण आणि चळवळी, हें सारें त्या बातमीपत्रांत आहे. गद्य चुरचुरीत, निरीक्षण तीक्ष्ण. मग १९०९ साल उजाडलें. थोरले बंधु बाबाराव यांस काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ऑगस्टांत मदनलाल धिंग्रा फांसावर गेले. त्याच वर्षीं, ब्रायटनच्या किनाऱ्यावर, ‘सागरा प्राण तळमळला’ ही कविता जन्मली.

आतां या कवितेंत ब्रायटन कोठें आहे? ब्रायटन म्हणजे लंडनच्या लोकांची हवा खाण्याची जागा. समुद्रांत लांबवर गेलेले सहलीचे धक्के, पूर्वेकडील घुमटांची नक्कल करून बांधलेला राजवाडा, खडेदार किनारा. परक्या प्रवाशाला टिपून ठेवावें असें तेथें पुष्कळ होतें. त्यांतील एकहि वस्तु कवितेंत डोकावत नाहीं. इंग्लंडचा उल्लेख येतो, तो समुद्रावर धनीपण मिरविणारी भूमि म्हणून. बाकी सारी कविता हें समुद्राशीं भांडण आहे: परत पोंचविण्याचें वचन देऊन तूं मला आणलेंस, तें आतां कां मोडतोस? हें भांडण मेघदूताच्या घराण्यांतलें आहे. यक्षानें मेघाला विनविलें, येथें समुद्राला दटाविलें आहे; परंतु विरही माणूस, मधलें महाभूत आणि दूर राहिलेलें प्रेमाचें माणूस ही मांडणी तीच. प्रेयसीच्या जागीं मायभूमि आली, एवढाच पालट, आणि तो केवढा मोठा! पुढें हृदयनाथ मंगेशकरांनीं तिला चाल दिली, तेव्हां ज्यांनीं आयुष्यांत समुद्रप्रवास केला नाहीं अशा घरांतूनहि ती पोंचली. ब्रायटनचें वर्णन तींत असतें तर ती इतक्या घरांत गेली असती असें आम्हांस वाटत नाहीं. सावरकर १९३८ पासून अखेरपर्यंत दादरला शिवाजी पार्काजवळ राहिले; ज्या समुद्राशीं ते भांडले, तो तेथून थोड्याच पावलांवर आहे.

अनंत काणेकरांचें उदाहरण इतकें जळजळीत नाहीं. ते मुंबईचेच, खालसा कॉलेजांत मराठीचे प्राध्यापक. ‘चांदरात’ (१९३३) या संग्रहानें त्यांचें नांव कवि म्हणून झालेलें होतें. नंतर ते युरोप आणि रशिया पाहून आले, आणि १९४० सालीं ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ हें पुस्तक निघालें. ज्याच्या नुसत्या नांवांत दोन कवितांचा ऐवज आहे, तें पुस्तक आंत गद्यच आहे, आणि मराठी प्रवासवर्णनाला त्यानें नवें वळण लावलें. मर्ढेकर आय. सी. एस. साठीं विलायतेस जाऊन राहिले. यंत्रयुगांतील शहराचा भेसूर चेहरा त्यांनीं मराठी कवितेला दाखविला, पण तें शहर मुंबई. दिलीप चित्रे १९६० नंतर तीन वर्षें इथिओपियांत शिक्षक होते, पुढें अमेरिकेंत आयोवा येथें राहिले. त्यांचा १९८० सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेला ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ हा संग्रह इंग्रजींत आहे. पण पिंजऱ्यांतला प्रवास असा ज्याच्या नांवाचा अर्थ, त्यानें पर्यटनापेक्षां कोंडमाऱ्याशींच नातें सांगितलें आहे. विश्वनाथानें तो संग्रह विप्रलंभाच्या खान्यांत टाकला असता कीं काय, न कळे.

आतां घरीं राहिलेल्यांकडे वळूं. माधव जूलियन यांनीं मराठींत गझल रुजविली, १९२९ सालीं उमर खय्यामच्या रुबाया मराठींत उतरविल्या, आणि ‘गज्जलांजलि’ १९३३ सालीं काढली. इराणशीं त्यांची भेट फार्सी ग्रंथांतून झालेली. जर्मन कवि गटे यानें हाफिजचें भाषांतर वाचून १८१९ सालीं आपलें ‘दिवाण’ प्रसिद्ध केलें, तें असेंच वायमार येथील आपल्या घराच्या आसऱ्यानें. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ संग्रह १९४२ सालीं वि. स. खांडेकरांच्या पुढाकारानें निघाला; त्यांत ‘कोलंबसाचें गर्वगीत’ आहे. गोदाकांठच्या कवीनें अटलांटिकवर गलबत हांकारलें, आणि महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांच्या किती पिढ्यांनीं तें तालासुरांत म्हटलें! त्या सालीं त्या गलबतांत कोणता देश बसला आहे हें कोणाला समजावून सांगावें लागलें नाहीं.

परंतु या सर्वांहून आम्हांस विचार करावयास लावतें तें कवन गिरणगांवांतलें आहे. कॉलेजांतील मराठीच्या तासाला प्रवासकाव्य म्हणून त्याचें नांव घेतलें जात नाहीं. वास्तविक तें प्रथम घ्यावयास हवें.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. त्याच महिन्यांत व्होल्गेच्या कांठीं जर्मन फौजा स्तालिनग्राडला भिडल्या, आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजीं तेथील त्यांच्या शेवटच्या तुकड्या शरण आल्या. त्या १९४३ सालीं अण्णा भाऊ साठे यांनीं ‘स्तालिनग्राडचा पवाडा’ रचिला. अण्णा भाऊ (जन्म १ ऑगस्ट १९२०) वाटेगांवचे, मांग समाजांत जन्मलेले. शाळेशीं त्यांचा संबंध दोन दिवसांचाहि नव्हता. लहानपणीं वडिलांबरोबर पायीं चालत ते मुंबईस आले, गिरणींत लागले, आणि अक्षरें शिकले तीं रस्त्यांवरच्या पाट्या आणि चळवळीचीं पत्रकें वाचून. पवाड्याच्या पुढल्याच वर्षीं अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं ‘लाल बावटा’ कलापथक उभारलें.

सातारा-कोंकणांतून आलेल्या गिरणीकामगाराला व्होल्गा नकाशावर दाखवितां आली नसती. तरी त्याला हा पवाडा परका वाटला नाहीं, याचें कारण पवाड्याच्या जातींतच आहे. अज्ञानदासानें अफजलखानाचा वध गाइला, तुळशीदासानें सिंहगड गाइला, तेव्हांपासून वेढा, बुरूज आणि मूठभर माणसांची झुंज हा शाहिराचा हक्काचा मुलूख. वर्तमानपत्र वाचतां न येणाऱ्यांचें तें वर्तमानपत्रहि होतें. घराघरांतून, जिन्याजिन्यांवरून लढणारें शहर लालबाग-परळच्या चाळीला सहज समजलें. एका खोलींत दाटीवाटीनें राहणाऱ्यांना भिंतीपलीकडे शत्रु असणें म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. विप्रलंभानें जें मराठी कवितेला करूं दिलें नाहीं, तें वीररसानें करूं दिलें. दूरचें शहर तें शहर म्हणूनच, नांवागांवासह, मराठी पद्यांत आलें.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूहि सांगितली पाहिजे. काँग्रेसचे पुढारी त्या वेळीं तुरुंगांत होते, आणि कम्युनिस्ट पक्ष युद्धाला लोकयुद्ध म्हणून पाठिंबा देत होता. ज्या घरांतील मुलगा ४२ च्या चळवळींत पकडला गेला होता, त्या घराला व्होल्गेचें कौतुक गोड लागलें नसेल, आणि त्यांचें दुःख खरें होतें. शिवाय ज्या पुरुषाच्या नांवानें तें शहर ओळखलें जाई, त्याच्या राज्यांतील छळछावण्या मुंबईच्या शाहिराला दिसण्यासारख्या नव्हत्या. कवीनें न पाहिलेल्या देशांत कवीला हवें तेंच असतें. गटेच्या इराणांतहि दुष्काळ नाहीं. तरीहि शत्रूशीं झुंजणाऱ्या साध्या माणसांचा कैवार घेणें हें त्या पवाड्याचें मर्म आहे, आणि तेवढ्यापुरता शाहीर चुकला असें इतिहासाला म्हणतां येणार नाहीं. स्तालिनग्राडच्या नागरिकांनीं आणि शिपायांनीं जें सोसलें, तें कोणाच्या प्रचारासाठीं सोसलेलें नव्हतें.

१९६१ सालीं अण्णा भाऊ खरोखरच रशियास गेले. अठरा वर्षें ज्या देशाचा ध्यास घेतला तो डोळ्यांनीं पाहिला. आणि त्यांनीं काय लिहिलें? ‘माझा रशियाचा प्रवास’, गद्यांत! काणेकरांचें झालें तेंच त्यांचेंहि झालें. पुस्तक मनमोकळें आहे, माणसांविषयींची उत्सुकता त्यांत ओसंडते. पण दुसरा पवाडा झाला नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्तालिनग्राडचें नांवहि पुसलें जाऊन तें व्होल्गोग्राड झालें. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें मॉस्कोंतील परदेशी वाङ्मयाच्या सरकारी ग्रंथालयांत अण्णा भाऊंचा पुतळा बसविण्यांत आला.

मग या शाहिराची विरहाची कविता कोठें आहे? ती आहे, फक्त तिचा परदेश निराळा आहे. ‘माझी मैना’ ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतली त्यांची छक्कड मुंबईंत राबावयास आलेल्या आणि बायकोला गांवीं ठेवून आलेल्या माणसाची आहे. बॅरिस्टरीसाठीं लंडनला जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण भाऊच्या धक्क्यावर उतरणारे आणि बोरीबंदर-दादरला गाडींतून उतरणारे लक्षावधि. त्यांची विलायत मुंबईच होती: भाषा आपली, पण माणसें परकीं, भोंगा परका, खानावळीचें जेवण परकें. छक्कडींतला गडी आधीं बायकोची आठवण काढतो, मग मुंबईच्या श्रीमंतीची आणि हालांची तऱ्हा सांगतो, आणि होतां होतां गांवीं राहिलेली मैना म्हणजे तुटून राहिलेला मराठी मुलूखच होऊन बसते. गाण्याच्या ओघांत बेळगांव, कारवार, डांग, उंबरगांव हीं नांवें येतात. कालिदासाच्या मेघाला वाटेंत उज्जयिनी आणि अलका लागल्या, तशी येथें विरहाच्या वाटेवर ही सरहद्द लागली. लालबाग-परळच्या जुन्या मंडळींना तो सारा भाग अजून पाठ आहे. १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें. छक्कडींतलीं तीं चारहि नांवें राज्याबाहेर राहिलीं.